नंबर बरोबर, तरीही
चष्म्याचा नंबर काढला म्हणजे डोळे तपासून झाले, ही आपली समजूत काचबिंदूच्या चांगलीच पथ्यावर पडते. तो आधी कडेची नजर खातो. समोरचं बराच काळ नीट दिसत राहतं, म्हणून कुणी कुरकुरत नाही. नुसता डोळ्यातला दाब मोजूनही भागत नाही. दाब २१ मिमी पाऱ्याच्या आत असलेल्यांनाही काचबिंदू होतो, तेव्हा थेंब घालून बाहुली मोठी करून मागची नस बघायलाच हवी. सख्ख्या भावंडाला असेल तर टाळाटाळ नकोच. औषधाच्या थेंबांनी आटोक्यात आला नाही, तर १९६८ पासून रुळलेली ट्रॅबेक्युलेक्टमी: बुबुळाच्या कडेला, पांढऱ्या भागात बारीकशी झडप करून आतल्या पाण्याला वाट देतात. मोतीबिंदूसारखं पट्टी सुटताच लख्ख दिसेल, या आशेवर आलेले नातेवाईक मग हिरमुसतात. शस्त्रक्रिया उरलेली नजर राखण्यासाठी असते, हे त्यांना आधी कुणी बसवून सांगितलेलंच नसतं.