हात शिकले, डोळे कोरेच

जानेवारी आला, चौकाचौकात रस्ता सुरक्षा अभियानाचे फलक लागले, हेल्मेट न घातलेल्यांना गुलाब वाटून झाले. त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीतल्या एका मुलाला घरबसल्या लर्निंग लायसन्स मिळालं. कॅमेऱ्यासमोर मुलगा बसला होता आणि उत्तरं पलीकडून मामा सांगत होता. १५ प्रश्न, ९ बरोबर आले की पास. घरात कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही, याचा मला संताप आला. ही सोय जून २०२१ मध्ये सुरू झाली तेव्हाच मी लिहिलं होतं की लोकांचे हेलपाटे वाचावेत, परीक्षा वाचू नये. झालं नेमकं उलट.

मामा गप्प बसला असता तरी फार काही बदललं नसतं. ही परीक्षा विचारते चिन्हं आणि नियम. पुढे पक्क्या लायसन्सला पाहतात तो आठचा आकडा, रिव्हर्स आणि चढावर गाडी मागे न जाऊ देणं. हे यायलाच हवं. पण ही सगळी हातापायांची परीक्षा झाली. समोर धोका उभा राहतोय हे उमेदवाराला वेळेत कळतं का, हे आपण कुठेच तपासत नाही.

ब्रिटनमध्ये हे २००२ पासून तपासतात. तिथल्या लेखी परीक्षेत ५० पैकी ४३ उत्तरं बरोबर लागतात आणि त्याच बैठकीत पडद्यावर रस्त्याच्या १४ चित्रफिती दाखवतात. गाडी चालली आहे, डावीकडे वाहनं उभी आहेत, त्यांच्यामधून कुणीतरी रस्त्यावर येऊ लागतं. धोका आकार घेऊ लागला की उमेदवाराने बटण दाबायचं. लगेच दाबलं तर पाच गुण. जसा उशीर होईल तसे गुण उतरत शून्यावर येतात. दिसेल त्याला टकाटक बटण दाबत सुटलात तर त्या फितीचे गुण शून्य. ७५ पैकी ४४ मिळाले तर पास. लेखी उत्तरं सगळी बरोबर आली आणि इथे नापास झालात, तरी संपूर्ण परीक्षा पुन्हा. यातून उत्तीर्ण झाल्याशिवाय रस्त्यावरची चाचणी मिळत नाही.

यात पाठांतर चालत नाही, मामाही चालत नाही. उभ्या एसटीखालून पलीकडचे दोन छोटे पाय दिसले की ॲक्सिलरेटरवरचा पाय आपोआप उचलला गेला पाहिजे. ही सवय शिकवावी लागते. आपल्याकडे हलक्या वाहनासाठी नियमाने किमान २१ दिवसांचं प्रशिक्षण आणि १० तास ड्रायव्हिंग आहे. बहुतेक मुलांचे ते दिवस कॉलनीतल्या त्याच चार गल्ल्यांत जातात, क्लच-ब्रेकवर शेजारच्या मास्तरांचा पाय असतो. रात्र, पाऊस, घाट आणि महामार्ग त्या मुलाला पहिल्यांदा भेटतात ते लायसन्स खिशात आल्यावर.

आणि रात्र म्हटली की मी अप्पर लाइटवर येणारच. उसाचा गाळप हंगामच घ्या. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. समोरचा अप्पर टाकून आला की त्या झोतापलीकडची ट्रॉली दिसेनाशी होते. ‘चालकाचा ताबा सुटला’ या छापील वाक्याखाली असे कितीतरी अपघात गाडले जातात, असं माझं ठाम मत आहे. जर्मनीत लायसन्सआधी अंधारातल्या गाडीचे तीन धडे सक्तीचे आहेत. आपल्याकडे डिप्पर कधी मारायचा, हेही ज्याचं त्याने शिकायचं.

२०२२ मध्ये महाराष्ट्रात रस्त्यांवर १५ हजारांहून अधिक माणसं मेली. परिवहन विभागाने आता दोन गोष्टी कराव्यात. लर्निंगची परीक्षा देखरेखीखाली, केंद्रावरच घ्यावी. आणि तिच्यात आपल्या रस्त्यांच्या चित्रफिती आणाव्यात: उसाची ट्रॉली, रॉंग साइडने येणारी दुचाकी, पुण्यात नवले पुलाच्या उतारावर मागून येणारा ट्रक. चित्रीकरणाला परदेशी जायला नको, कात्रजपासून निघालं तरी पुरे.

तोवर आईवडिलांनी एवढं करावं. मुलाच्या शेजारी बसा आणि पुढे काय दिसतंय ते त्याला गाडी चालवता चालवता मोठ्याने सांगायला लावा: “रिक्षा थांबतेय, माणूस उतरणार. डावीकडे शाळा आहे. मागचा ओव्हरटेक करतोय.” त्याच्या आधी धोका तुम्हाला दिसत असेल, तर तो अजून तयार झालेला नाही. लायसन्स आलं असलं तरी किल्ली देऊ नका.