औषध कीं कपट?

मनाच्या विकारानें ग्रासलेल्या माणसाला त्याच्या नकळत चहांतून, वरणांतून अगर दुधांतून औषध पाजण्याचा प्रघात आपल्याकडील कित्येक सुशिक्षित घरांत चालू आहे, आणि तो निंद्य मानला जाण्याऐवजीं हुशारीचा व वात्सल्याचा मानला जातो. कांहीं डॉक्टरहि चव नसलेले थेंब लिहून देतात आणि ‘रोग्याला कळूं देऊं नका’ अशी पुस्ती जोडतात. या प्रघाताविरुद्ध चार शब्द स्पष्टपणें लिहिणें अवश्य झालें आहे.

या औषधांशीं माझें भांडण नाहीं, हें आरंभींच सांगून टाकतों. १९५० च्या अखेरीस फ्रान्समध्यें क्लोरप्रोमाझिन तयार झालें, आणि १९५२ सालीं पॅरिस येथील सेंत-आन रुग्णालयांत डिले व डेनिकर यांनीं तें मनोरुग्णांना दिलें. त्यानंतर कोठडींत आयुष्य काढणारीं किती तरी माणसें घरीं परतलीं. ‘औषधें म्हणजे रासायनिक बेड्या’ म्हणणारांच्या पंक्तीला मला बसावयाचें नाहीं. ज्याच्या कानांत अदृश्य माणसें रात्रंदिवस शिव्या देत असतात, त्याचा कान मोकळा करणाऱ्या औषधाला बेडी म्हणणें क्रूरपणाचें आहे.

परंतु हें औषध काय करतें तें समजून घेतलें, म्हणजे तें चोरून देण्यांतील अनर्थ ध्यानांत येतो. मेंदूंतील एका पेशीचा निरोप दुसरीला पोंचविणाऱ्या द्रव्यांपैकीं डोपामीन हें एक. भ्रमाच्या काळांत मेंदूच्या कांहीं भागांत त्याचा जोर वाढतो, आणि क्षुल्लक गोष्टींना भलताच अर्थ चिकटूं लागतो. डोपामीन जेथें येऊन टेकावयाचें, ती जागा हीं औषधें अडवून बसतात. पण शरीराच्या हालचाली सांभाळणाऱ्या भागांतहि तेंच डोपामीन काम करीत असतें. तेथेंहि अडवणूक होते. म्हणून पहिल्या कांहीं दिवसांतच एखाद्याची मान अकस्मात् वांकडी होते, डोळे वर ओढले जातात. दुसऱ्याचे हात कांपतात. तिसऱ्याला आंतून अशी तगमग होते कीं, क्षणभर एका जागीं बसवत नाहीं. स्त्रीची पाळी बंद पडते. ऑलँझपीनसारख्या नव्या औषधांनीं ताठरपणा कमी येतो, पण वजन चढतें व रक्तांतील साखर वाढते. दीर्घ सेवनानंतर ओठ व जीभ यांच्या अनावर हालचाली कायमच्या जडूं शकतात. क्लोझपीननें रक्तांतील पांढऱ्या पेशी धोकादायक प्रमाणांत घटूं शकतात, म्हणून सुरुवातीस दर आठवड्यास रक्त तपासावें लागतें. ज्याला आपण औषध घेतों हेंच ठाऊक नाहीं, त्याचें रक्त कोणत्या सबबीवर काढावयाचें?

या प्रत्येक पीडेचा पहिला साक्षी स्वतः रोगी असतो. त्यालाच अंधारांत ठेवल्यावर डॉक्टरांना सांगणार कोण? मान वांकडी झाली, तर तो करणी समजेल; तगमग वाढली, तर घरचे लोक रोग बळावला म्हणून आणखी दोन थेंब टाकतील. आणि आपल्या अन्नांत कोणी तरी कांहीं तरी मिसळतें, हा तर अशा रोग्यांचा नेहमींचा भ्रम! आपण खरोखरच मिसळतों आणि मिसळलें नाहीं म्हणून शपथ घेतों. माझ्या परिचयाच्या एका घरांत मुलानें आईला त्याच्या चहांत थेंब टाकतांना पाहिलें. त्या दिवसापासून त्यानें घरचें पाणीहि वर्ज्य केलें. त्याला भ्रमिष्ट म्हणण्याचा अधिकार त्या घरांत मग कोणाला उरला होता?

‘तो आजारच कबूल करीत नाहीं, आम्हीं काय करावें?’ हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाहीं. दाराला कडी लावून रात्ररात्र जागणाऱ्या आईला नीतिपाठ देण्याची माझी छाती नाहीं. पण उघड सक्ती आणि छुपें कपट यांत भेद आहे. उघड सक्तीविरुद्ध दाद मागतां येते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें नामनिर्देशित प्रतिनिधीची आणि गरज पडल्यास रुग्णालयांत दाखल करण्याची सोय ठेविली आहे. कांहीं औषधें महिन्यांतून एकदां सुईनेंहि देतां येतात. त्याच कायद्याच्या २२ व्या कलमान्वयें योजिलेल्या उपचाराची व त्याच्या ज्ञात दुष्परिणामांची माहिती मिळणें हा रोग्याचा हक्क आहे. तो हक्क आपण चहांत विरघळवून टाकतों.

दुष्परिणाम सांगितले तर रोगी औषध टाकील, अशी भीति घातली जाते. न सांगितलेला दुष्परिणाम अंगावर आला म्हणजे तो औषध टाकतो आणि डॉक्टरहि टाकतो. मात्रा कमी करतां येते, औषध बदलतां येतें, कंपावर उतारा देतां येतो. पण ‘मला असें होतें’ हें त्यानें म्हटल्यावर. आज जे चोरून औषध देत आहेत, त्यांनीं तें एकदम बंद करूं नये. डॉक्टरांना बरोबर घेऊन तें उघड करावें. बाटली त्याच्या डोळ्यांसमोर ठेवावी, तिचें नांव सांगावें, गुण सांगावे, दोषहि सांगावे. आज त्यानें नाकारली, तर उद्यां पुन्हा ठेवावी.