चेन्नईचे ‘वानम’ आणि आपला जलसा

एप्रिल महिना महाराष्ट्राला नवा नाही. ११ तारखेस महात्मा फुले आणि १४ तारखेस डॉ. आंबेडकर यांच्या जयंत्या आपण साजऱ्या करतो. पुतळ्यांना हार पडतात, पुढाऱ्यांच्या छबीचे फलक चौकाचौकांत उभे राहतात आणि रात्री ध्वनिक्षेपकांच्या भिंतींपुढे तरुण मंडळी नाचतात. याच महिन्यात तिकडे चेन्नईत काय चालते, याची दखल मराठी वृत्तपत्रांनी फारशी घेतलेली नाही. ती घेण्याजोगी आहे. कारण तेथे जे उगवले आहे त्याच्या बियाण्याचा काही भाग आपल्याच शेतातला आहे.

चित्रपट-दिग्दर्शक पा. रंजित यांच्या नीलम सांस्कृतिक केंद्राने २०१८ च्या डिसेंबरअखेर तेथे ‘वानम’ नावाचा तीन दिवसांचा कलामहोत्सव भरविला. वानम म्हणजे आकाश. पुढे हा महोत्सव एप्रिलमध्ये, दलित इतिहास महिना म्हणून होऊ लागला. नाटक, चित्रप्रदर्शन, साहित्यचर्चा, चित्रपट असा त्याचा पसारा आहे. त्यातील चित्रपट महोत्सवाला पी. के. रोझी हिचे नाव दिले आहे. मलयाळी चित्रपटाची ही पहिली नायिका दलित होती; तिने पडद्यावर सवर्ण स्त्रीची भूमिका केली म्हणून तिला गाव सोडून परागंदा व्हावे लागले. महोत्सवाचा हेतू या एका नावावरून कळावा.

त्याच वर्षीच्या जानेवारीत ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ या वाद्यवृंदाचा पहिला कार्यक्रम झाला होता. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतील गाना आणि पाश्चात्त्य रॅप यांचा मेळ घालणारी ही तरुण मंडळी. ‘जातिविरहित’ हे नाव त्यांनी एकोणिसाव्या शतकातील तमिळ विचारवंत अयोती दास यांच्याकडून घेतले. पराई हे चर्मवाद्य, जे शतकानुशतके प्रेतयात्रेपुढे एका विशिष्ट जातीच्या माणसानेच वाजवावयाचे असा दंडक होता, ते आता ही मुले अभिमानाने व्यासपीठावर वाजवितात. अपमानाचे चिन्ह हाती घेऊन त्याचाच सूर करणे ही गोष्ट भाषणांनी साधत नाही. तेथे कलाच लागते.

आता बियाण्याविषयी. १९७२ मध्ये मुंबईत ढाले, ढसाळ, पवार अशा विशी-तिशीतील लेखक-कवींनी दलित पँथरची स्थापना केली. १९८२ मध्ये मलैचामी यांनी मदुराईत तिची तमिळ शाखा काढली आणि पुढे तिचेच रूपांतर थोल. तिरुमावळवन यांच्या राजकीय पक्षात झाले. आज चेन्नईच्या व्यासपीठावर जो आत्मविश्वास दिसतो त्याच्या वंशावळीत नायगाव-कामाठीपुऱ्यातील ते तरुणही आहेत. त्यांच्याही आधी सत्यशोधकांचा जलसा होता, भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा होता, अण्णा भाऊ साठे, अमर शेख व गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक होते. अन्यायाविरुद्ध गाण्याची ज्या प्रांतात एवढी जुनी परंपरा, त्या प्रांतात तरुणांचा असा महोत्सव स्वाभाविकपणे उभा राहावयास हवा होता.

तो उभा का राहिला नाही, हा खरा प्रश्न आहे.

आपल्याकडे असे गाणाऱ्यांचे पुढे काय होते, ते पाहावे. गुजरातच्या दंगलीनंतर, २००२ मध्ये, पुण्यातील वस्त्यांतील मुलामुलींनी कबीर कला मंच स्थापन केला. ३१ डिसेंबर २०१७ रोजी शनिवारवाड्यापुढील एल्गार परिषदेत या मंचाने गाणी व प्रहसने सादर केली. २०२० च्या सप्टेंबरात त्याच्या तीन कलावंतांना राष्ट्रीय तपास यंत्रणेने अटक केली. त्यांच्यावरील आरोप गंभीर आहेत आणि ते खरे की खोटे हे न्यायालयच ठरवील. तो अधिकार या स्तंभलेखकाचा नव्हे. परंतु दोष सिद्ध होण्यापूर्वीच त्या तिघांची पाच वर्षांहून अधिक उमेद तुरुंगात गेली, ही गोष्ट वादातीत आहे. गाणे रचावयास बसलेल्या विशीतल्या मुलास यातून कोणता बोध होत असेल?

हा बोध केवळ राजकीय कलावंतांपुरता राहिलेला नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचा परीक्षेचा एक नाट्यप्रयोग चालू असताना विद्यार्थी परिषदेच्या कार्यकर्त्यांनी तो बंद पाडला. रामलीलेतील नटांच्या पडद्यामागील गमतीजमती हा त्याचा विषय होता. त्यावर अटक झाली ती विभागप्रमुखांना आणि विद्यार्थ्यांना. नाटक चांगले होते की वाईट, विनोद अभिरुचीचा होता की नव्हता, हे ठरविणे परीक्षकांचे काम होते. ते पोलिसांनी आपल्याकडे घेतले.

त्यात कायद्याची साथ आहेच. कीचकवध ज्या कायद्याच्या आधारे १९१० मध्ये बंद पडले, तो १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा संसदेने १४१ वर्षांनंतर, २०१७ मध्ये रद्द केला. महाराष्ट्रात मात्र नाट्यसंहिता प्रयोगापूर्वी परिनिरीक्षण मंडळाकडे धाडण्याची रीत त्यानेही मोडली नाही. अमोल पालेकर यांनी २०१६ मध्ये या पूर्वपरीक्षणास उच्च न्यायालयात आव्हान दिले होते. देशातील बहुतेक राज्यांना ज्याची गरज वाटत नाही, ते नाटकवेड्या महाराष्ट्राला आवश्यक वाटावे हे नवल आहे. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या जनसुरक्षा विधेयकाने त्यात भर घातली. बारा हजारांवर सूचना-हरकती आल्यानंतर त्याचा रोख कडव्या डाव्या व तत्सम संघटनांपुरता ठेवण्यात आला हे खरे. पण बेकायदा कृत्याच्या व्याख्येत बोललेले वा लिहिलेले शब्द, खुणा आणि दृश्य चित्रण यांचा समावेश राहिलाच. ‘तत्सम’ या शब्दात कोण बसते, हे उद्याचा अधिकारी ठरविणार.

तरीही सारे खापर सरकारच्या माथी मारून मोकळे होणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. लाल बावट्याच्या तमाशावर मुंबई सरकारने बंदी घातली होती, तरी गाणी थांबली नव्हती. कारण त्यांच्यामागे गिरणगाव उभे होते. आज गिरण्या नाहीत, पँथर गटागटांत विखुरली, आणि जयंतीची वर्गणी ध्वनिक्षेपकवाल्याच्या खिशात जाते. चेन्नईत रंजित यांनी चित्रपटात मिळविलेले नाव आणि पैसा या कामी लावला. हेच त्या महोत्सवाचे बळ आहे आणि हेच, एका व्यक्तीवर इतके विसंबणे, त्याचे दौर्बल्यही. मराठी चित्रपटसृष्टीत ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ यांनी हा विषय घराघरांत नेला, पण त्या यशाभोवती तशी संस्था वाढली नाही. आपल्याकडील सुखवस्तू नाट्यरसिक तर जलशाला अजूनही ‘प्रचार’ म्हणून बाजूस सारतात.

कलामहोत्सवाने अन्याय मिटतो, अशी भाबडी समजूत कोणी करून घेऊ नये. ज्या तमिळनाडूत ‘वानम’ भरते, त्याच तमिळनाडूत वेंगैवयल येथील दलित वस्तीच्या पाण्याच्या टाकीत २०२२ च्या डिसेंबरात विष्ठा आढळली. फरक एवढाच, की तेथील तरुणाला त्या घटनेवर गाणे रचावयाचे झाले तर ते म्हणावयास एक व्यासपीठ ठाऊक आहे. आपल्याकडे तसेच गाणे घेऊन निघालेल्या मुलाला सभागृहाचे भाडे भरावे लागेल, पोलिसांचा परवाना काढावा लागेल, प्रहसन जोडले तर संहिता मंडळाकडे पाठवावी लागेल. यांपैकी पूर्वपरीक्षणाची अट रद्द करणे आणि नगरपालिकांची सभागृहे एप्रिल महिन्यात तरुणांच्या पथकांना नाममात्र भाड्याने देणे, या दोन गोष्टी तर राज्य सरकारला आणि नगरपालिकांना पुढच्या जयंतीपूर्वीही करता येतील.