आधीचा आकडा कुठे आहे?

मागच्या महिन्यात वर्ध्याला घरी गेलो होतो. सकाळी सकाळी दारात भसाभसा आवाज झाला म्हणून बाहेर आलो, तर शाळेतला मित्र (नाव देत नाही, तो हे वाचतो) त्याची सॅन स्टॉर्म घेऊन उभा. ज्यांना ही गाडी आठवत नसेल त्यांच्यासाठी : नव्वदच्या दशकाच्या शेवटी आलेली आपल्याकडची दोन सीटची, उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्‌स कार. फायबरग्लासची बॉडी, रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन आणि कागदावर ६० हॉर्सपॉवर. मित्राने ती सेकंडहँड घेतली, मोठ्या शहरातल्या एका गॅरेजमधून एअर फिल्टर आणि सायलेन्सर बदलून आणला आणि ३८ हजार मोजून दिले.

"नऊ एचपी वाढले बे! तू बस फक्त, मंग सांगतो तुले."

बसलो. गाडी पळाली. खरं सांगायचं तर मलाही वाढल्यासारखीच वाटली. पण टप उघडा, बूड जमिनीपासून वीतभर वर आणि मागे तो आवाज... अशा गाडीत ५० चा वेगही ८० वाटतो. आपल्या शरीरात आवाज मोजायचं यंत्र आहे, हॉर्सपॉवर मोजायचं नाही. म्हणून विचारलं, "नऊ कशावरून?" त्याने डॅशबोर्डमधून एक कागद काढला. डायनोची शीट. (डायनो म्हणजे गाडीची चाकं रोलरवर ठेवून ताकद मोजायचं मशीन.)

कागदावर छापील आकडा होता ५५. त्याच्या बाजूला पेनने लिहिलं होतं : "लॉस २०%, इंजिनला ६९."

आता गंमत बघा. कंपनी ब्रोशरमध्ये जो आकडा छापते तो इंजिनचा असतो, चाकांचा नाही. गिअरबॉक्स, बेअरिंगं आणि टायर यांच्यात काही ताकद खर्च होते आणि उरलेली चाकांपर्यंत पोचते. डायनो फक्त ही उरलेली मोजतो. किती खर्च झाली हे तो सांगत नाही, ते गॅरेजवाला अंदाजाने धरतो. २० टक्के धरले तर ५५ भागिले ०.८ म्हणजे जवळपास ६९. ब्रोशरपेक्षा नऊ जास्त! १५ टक्के धरले तर ६५ च्या आत, म्हणजे वाढ पाचाचीही नाही. आणि १० टक्के धरले तर ६१, म्हणजे वाढ एक. कागद तोच, गाडी तीच, आणि वाढ एकापासून नऊपर्यंत हवी तेवढी. हे नऊ एचपी इंजिनमधून नाही, पेनातून आले होते.

फिल्टर बदलायच्या आधी हीच गाडी त्याच मशीनवर चढवली असती तर लॉसचा प्रश्नच आला नसता. आधी ५२, नंतर ५५, वाढले तीन. संपलं. पण आधीचा आकडाच नव्हता. विचारलं तर म्हणे, आधी मोजायचे वेगळे पैसे पडतात.

त्यात हवामान. इंजिन हवा खातं आणि गरम हवा पातळ असते. आपल्या वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि जानेवारीत पहाटे १० च्या आसपास येतो. एसएईच्या जे-१३४९ या मानकाच्या सूत्रात फक्त तापमान बदलून पाहिलं, तर या दोन दिवसांत तेच इंजिन साधारण ७ टक्के वेगळं दिसतं. ६० एचपीत हे झाले ४ एचपी. मे महिन्यात मोजा, काहीही बदलू नका, जानेवारीत परत मोजा : चार एचपी फुकट! चांगलं मशीन ही दुरुस्ती करून देतं, पण केली की नाही हे शीटवर लिहिलेलं हवं. आमच्या शीटवर ना तापमान, ना तारीख.

मग आम्ही ठरवलं, आपणच मोजू. हिंगणघाटला एका धर्मकाट्यावर, कापसाच्या गाड्यांच्या रांगेत, स्टॉर्म चढवली (लोकांचे चेहरे बघण्यासारखे होते). आम्ही दोघं बसून ९२० किलो. हलक्या गाडीत हे फार महत्त्वाचं. ७० किलोचा एक माणूस उतरला तर वजन साडेसात टक्क्यांनी घटतं आणि गाडी तेवढी चपळ होते. ट्रकला याने काही फरक पडत नाही, स्टॉर्मला पडतो. रस्त्याचंही तसंच. शंभर मीटरला एक मीटर चढ डोळ्याला दिसतही नाही, पण ६० च्या वेगाला तो या गाडीचे दोन एचपी खातो. म्हणून रिकाम्या सरळ पट्ट्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० किती सेकंदांत होतात ते मोबाईलच्या जीपीएसवर नोंदवलं. तीनदा जाताना, तीनदा येताना. मग ओळखीच्या मिस्त्रीकडून जुना फिल्टर आणि जुना सायलेन्सर लावून घेतला आणि पुन्हा सहा वेळा. त्याच सकाळी, तीच दोन माणसं.

नवीन सामानावर सरासरी ८.७ सेकंद, जुन्यावर ८.९. ९२० किलोचा हिशोब केला तर फरक अर्ध्या एचपीच्या जरा वर. पण एकाच सामानावरच्या सहा नोंदींमध्येच ०.४ सेकंदांचा फरक होता. म्हणजे हा अर्धा एचपीसुद्धा छातीठोकपणे सांगता येत नाही.

इथे प्रामाणिकपणे एक कबूल करतो. ४० ते ८० मध्ये इंजिन सर्वोच्च आरपीएमला जात नाही, आणि मोकळ्या सायलेन्सरचा फायदा असलाच तर तिथेच दिसतो. त्यामुळे नऊ खोटेच आहेत असं आम्ही सिद्ध केलं नाही. फक्त रोज गाडी जिथे चालते तिथे ते सापडले नाहीत. आणि वर कुठे असले तरी दाखवायला त्या गॅरेजकडे कागद नाही.

असं फक्त गल्लीतच होतं असंही नाही. माझदाने अमेरिकेत २००१ ची मिआटा १५५ हॉर्सपॉवरची म्हणून विकली, खरा आकडा १४२ निघाला. कंपनीला गाड्या परत घ्यायची तयारी दाखवावी लागली. तेरा एचपीसाठी! कारण तिथे आकडा हे वचन मानलं गेलं.

परत येताना मला मगन संग्रहालयातले चरखे आठवले. १९२९ मध्ये चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाखाचं बक्षीस लावलं होतं. अट काय होती? आठ तासांत १६ हजार फूट सूत, १२ ते २० नंबरचं, आणि किंमत १५० रुपयांच्या आत. 'जास्त सूत निघालं पाहिजे' असं मोघम नाही. वेळ, लांबी, प्रत, किंमत, सगळं आधी ठरलेलं. बक्षीस कुणालाच मिळालं नाही, पण अट कुणी सैल केली नाही. ही शिस्त आपल्या गावातल्या काचेच्या कपाटात आहे, आणि आम्ही इंजिनिअर मात्र पेनाने लिहिलेल्या ६९ वर खूश!

माझं मत साधं आहे. ताकद वाढवून देतो म्हणणाऱ्याने आधीचा आणि नंतरचा आकडा द्यावा : एकच मशीन, एकच दिवस, किमान तीन-तीन वेळा, चाकांवरचा, तापमान लिहून. आधी मोजायचे पैसे वेगळे लागत असतील तर लागू देत. ३८ हजारांत तेवढे बसतात. हे नसेल तर तुम्ही आवाज विकत घेताय. आवाज घ्यायलाही हरकत नाही, पण मग त्याला आवाज म्हणा.

मित्र दोन दिवस फुगून बसला होता. त्याने पुढच्या कामाला, हेड आणि ईसीयूला, साठ हजार बाजूला काढले होते. तिसऱ्या दिवशी फोन आला : "आधी मोजून घेतो बे. मंग पाहू."

सायलेन्सर मात्र नवीनच परत लावलाय. म्हणे, आवाज भारी आहे. असो :)