आधी कुंपण, मग कागद

न्यू मेक्सिकोत एप्रिल 2022 मध्ये भडकलेले हर्मिट्स पीक आणि काफ कॅनियन हे दोन्ही वणवे अमेरिकी वनखात्यानेच लावलेल्या नियंत्रित जाळातून उठले. 3 लाख 40 हजारांहून अधिक एकर होरपळले. मागोमाग पाऊस आला. उघड्या पडलेल्या डोंगरांनी पाणी धरले नाही. राख-चिखलाच्या लोंढ्यांनी कुरणे आणि पिढीजात पाट बुजवले. अमेरिकी काँग्रेसने 2022 मध्ये सुमारे 3.95 अब्ज डॉलर मंजूर केले, पुराचे नुकसानही भरपाईत धरले, हे योग्यच. पण ज्याचे घरदार कागदपत्रांसह जळाले, त्या पशुपालकाला पुराव्यांसाठी ताटकळत ठेवणे अन्याय्य आहे. कुंपणाशिवाय गुरे परत आणता येत नाहीत. कुंपण, चारा आणि पाटदुरुस्तीचे पैसे आगाऊ द्यावेत. उरलेला हिशेब सरकारने सावकाश तपासावा.