पाडव्याचा मुहूर्त आणि पाडव्याचा हिशोब

चैत्र शुद्ध प्रतिपदा उन्हाचा चटका घेऊनच उगवते; तरीही बीड, परळी, अंबाजोगाईच्या बाजारात आदल्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा उरत नाही. कडुनिंबाचे डहाळे, झेंडूच्या माळा, पांढऱ्या-गुलाबी साखरगाठी आणि अलीकडे फ्लॅटच्या गॅलरीत मावणारी वीतभर उंचीची तयार गुढी. साडेतीन मुहूर्तांतला हा एक, म्हणून सराफाच्या पेढीवर गर्दी होते, दारातल्या नव्या दुचाकीला हळदीकुंकू लागते. पुण्याला नोकरीला असलेली मुले घरी येतात; बॅगेत सेमी-पैठणी असते, शिवून तयार असलेली नऊवारी असते. डोंबिवलीने १९९९ मध्ये सुरू केलेली नववर्ष स्वागतयात्रा आता गावोगावच्या अंगवळणी पडली आहे. मराठीपण मिरवावेसे वाटते, आणि मिरवायचे म्हटले की चार वस्तू आल्याच.

हौसेला मोल नसते, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. बंगाली लोकही पोइला बैशाखला, म्हणजे त्यांच्या पाडव्याला, नवे कपडे आणि मिठाई यांवर हात सैल सोडतात. पण तिथल्या जुन्या पेढ्यांवर त्याच दिवशी हालखाता उघडतो. गिऱ्हाइकाला बोलावून मागची बाकी मिटवायची, तोंड गोड करायचे आणि नव्या वहीत नवे पान. आपल्या मराठवाड्यातही सालगड्याचे साल पाडव्याला संपते आणि पाडव्यालाच ठरते. पंचांग ऐकायचे आणि वर्षभर राबलेल्या माणसाचे देणे चुकते करायचे, असा हा दुहेरी सण. नोकरदार होऊन शहरात आलेल्या आपण मुहूर्त तेवढा जपला. हिशोब शेतातच राहिला.

तो हिशोब कुणाशी करायचा, हे शोधायला लांब जावे लागत नाही. गुढीच्या गळ्यातली गाठ साखरेची, आणि साखरेमागचा कोयता बहुधा आपल्याच बीड जिल्ह्याचा. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारच्या वाड्यावस्त्यांवरून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि मुकादमाची उचल फेडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या फडांवर राबतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की पाडव्याच्या आगेमागे ट्रॅक्टर परततो. त्यावर भांड्यांची पोती, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि शाळेचे अर्धे वर्ष बुडालेली पोरे.

आणि मिरवायच्या वस्त्रांचेच म्हणाल, तर अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांनी पांघरायच्या पासोडीवर ग्रंथ लिहिला. साध्या खादीला त्यांनी विचाराची प्रतिष्ठा दिली. ज्या मातीत हे घडले तिथल्या माणसांनी आपली ओळख केवळ विकत घेतलेल्या वस्त्रावर का तोलावी?

नवे वर्ष नवे व्हायचे तर त्याची सुरुवात घरापासून करू. धुणीभांडी करणाऱ्या मावशींचा पगार आणि हक्काची सुटी आजच ठरवू. जिल्हा परिषदेच्या शाळांत 'गुढीपाडवा, पट वाढवा' मोहीम चालते. तिच्यात फडावरून परतलेल्या मुलांची नावे घातली जातात का, हे आपल्यातल्या शिक्षकांनी पाहावे, आणि पुढच्या हंगामात ती मुले वसतिगृहात राहून शिकतील यासाठी आपण सर्वांनी ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत पाठपुरावा करावा. नटणे-मिरवणे खुशाल चालू द्यावे; मात्र ज्यांच्या कष्टावर आपला सण गोड होतो, त्यांचे देणे बाकी ठेवून नव्या वर्षाच्या शुभेच्छा देऊ नयेत.