स्वभावाला औषध नाही?

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आपल्याकडे जुनी आहे, आणि मुलांना वळण लावण्याचे कष्ट टाळू पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांस ती नेहमीच सोयीची वाटत आली आहे. अलीकडे हीच म्हण शास्त्राचा अंगरखा चढवून क्रीडांगणावर उतरली आहे. खेळाडूच्या हाती एक प्रश्नावली द्यावयाची, उत्तरांचे गुण मोजावयाचे, आणि ‘हा उतावळा, हा संयमी’ असा शिक्का मारावयाचा. मग उतावळ्यास रोज दहा मिनिटे डोळे मिटावयास लावून सजगतेची मात्रा चाटवावयाची, म्हणजे पदक आलेच! हा शिक्का आणि ही मात्रा, दोन्ही आम्हांस अमान्य आहेत.

प्रथम शिक्क्याविषयी. उतावळेपणा मोजण्यासाठी बॅरट यांच्या नावाची जी श्रेणी सर्वत्र वापरली जाते, तीत 30 विधाने आहेत आणि त्यांची उत्तरे ज्याची त्यानेच द्यावयाची असतात. मोठ्या समूहांची तुलना करण्यास हे साधन उपयोगी आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्यातून निघणारी बेरीज म्हणजे माणसाने स्वतःविषयी दिलेली साधारण साक्ष होय. ऐन कसोटीच्या क्षणी तो काय करील याचे भाकीत नव्हे. 9 जुलै 2006 रोजी बर्लिन येथे फुटबॉलच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात झिदानने सातव्याच मिनिटाला पेनल्टीचा चेंडू थंड डोक्याने अलगद उचलून गोलात टाकला. त्याच झिदानने त्याच सामन्याच्या जादा वेळात माटेराझ्झीच्या छातीत तेच डोके मारले आणि तांबडे कार्ड पाहून मैदान सोडले. आता या गृहस्थास कोणत्या रकान्यात बसवावयाचे?

आपल्या सुनील गावसकरांचेच पाहा. 1975 च्या विश्वचषकात 60 षटके खेळपट्टीवर राहून नाबाद 36 धावा करणारा हा फलंदाज. त्याच्या संयमाचाच तेव्हा लोकांस कंटाळा आला होता! परंतु 1981 साली मेलबर्न येथे पायचीत दिल्याचा राग येऊन ते जोडीदार चेतन चौहान यांनाही घेऊन मैदानाबाहेर निघाले. सीमेवर व्यवस्थापकांनी चौहानांस परत धाडले, म्हणून सामना वाचला; आणि तोच सामना पुढे भारताने 59 धावांनी जिंकला. उलट, लहानपणी रॅकेट आपटणारा ब्यॉर्न बोर्ग पुढे विंबल्डन सलग पाच वेळा जिंकून शांतपणाचा पुतळा ठरला. बालपणीच्या शिक्क्यावर विसंबून कोणी त्यास घरी बसविले असते तर?

शिवाय उतावळेपणा म्हणजे सर्वस्वी दोषच, असेही नाही. कबड्डीत चढाईला अवघे 30 सेकंद मिळतात. तेवढ्यात विचारांचा काथ्याकूट करीत बसणारा गडी रिकाम्या हाती परततो किंवा बाद होतो. डिकमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1990 सालीच कामाचा उतावळेपणा आणि घातक उतावळेपणा असा भेद दाखवून दिला होता. तो लक्षात न घेता सरसकट सर्वांस थंड करू पाहणे म्हणजे विस्तव विझवून स्वयंपाकाची वाट पाहण्यासारखे आहे.

आता मात्रेविषयी. ‘माइंडफुलनेस’ हे नाव विलायती असले तरी वस्तू विलायती नाही. पालीतील ‘सति’ या शब्दास हा इंग्रजी प्रतिशब्द ऱ्हिस डेव्हिड्स यांनी 1881 साली योजिला. आणि धर्मानंद कोसंबींच्या परिश्रमांमुळे ती ‘सति’ मराठी वाचकांस तरी अपरिचित नसावी. 1979 साली मॅसॅच्युसेट्समध्ये कबात-झिन यांनी जुनाट वेदनांनी गांजलेल्या रुग्णांसाठी तिचा उपयोग आरंभिला. बुद्धाने ती दुःखमुक्तीसाठी सांगितली, वैद्यांनी वेदना सोसण्यासाठी. पदकाची हमी दोघांपैकी कोणीच दिली नव्हती. मनात ऊर्मी उठली की हात उचलण्यापूर्वी ती ओळखता यावी, एवढेच तिचे काम. आणि तेवढे थोडे नाही. जानेवारी 2004 मध्ये सिडनी येथे सचिन तेंडुलकरांनी नाबाद 241 धावा केल्या, त्या आपला लाडका कव्हर ड्राइव्ह जवळजवळ वर्ज्य करून. त्या मालिकेत ऑफ यष्टीबाहेरच्या चेंडूंनी त्यांचा घात केला होता. मोह प्रत्येक चेंडूस येत असणारच. तो त्यांनी 436 चेंडू ओळखला आणि सोडून दिला. हे दहा मिनिटांच्या मात्रेने साधत नाही, वर्षानुवर्षांच्या मेहनतीने साधते.

आम्ही स्वतः या पापापासून मुक्त नाही. महाविद्यालयाच्या क्रीडासमितीवर असताना एका कबड्डीपटूस ‘डोके गरम’ एवढ्याच कारणासाठी आम्ही संघातून वगळले. राग नेमका केव्हा येतो, येण्यापूर्वी शरीरात काय होते, हे त्यास आमच्यापैकी एकानेही विचारले नाही. पुढील वर्षी तो मैदानावर फिरकलाच नाही. शिक्का आम्ही मारला. किंमत त्याने मोजली.

म्हणून आईबापांस आणि शिक्षकांस आमचे सांगणे एवढेच, की मुलाच्या गुणपत्रकात ‘उतावळा’ हा शब्द लिहिण्यापूर्वी चार महिने त्याच्याबरोबर मैदानावर उभे राहा. स्वभावाला औषध नाही हे खरेच आहे. कारण स्वभाव हा रोग नव्हे. त्याला तालीम मात्र आहे, आणि ती देण्याचे कष्ट आपले आहेत.